विद्यापीठात रशियन शिकायचंय: मराठी विद्यार्थी आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की रशियनच्या शिक्षकांकडे दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, बरेच पालकांचे असतात, आणि काही नोकरी करता करता भाषा शिकू पाहणाऱ्यांचे. मी हा विषय शिकवते आणि मला तो मनापासून आवडतो. तरीही इथे त्याची जाहिरात करायची नाही. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे दोन्ही सांगायचं आहे. एक आग्रह मात्र सगळीकडे दिसेल: मराठी मुलांनी रशियन इंग्रजीच्या आधाराने शिकू नये, मराठीच्या आधाराने शिकावं.

रशियन फार अवघड भाषा आहे म्हणतात. खरं आहे का?

वेळ लागतो, हे खरं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था रशियन कामापुरती यायला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास धरते. फ्रेंच किंवा स्पॅनिशला याहून बरेच कमी. पण हा हिशेब इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा आहे. बाजारातली बहुतेक पाठ्यपुस्तकंही त्यालाच समोर ठेवून लिहिलेली असतात. त्यामुळे मराठी मुलाला जे जन्मापासून येतं तेच त्याला नवलाचं म्हणून शिकवलं जातं, आणि तो उगाच घाबरतो.

लिंगं घ्या. इंग्रजी विद्यार्थ्याला 'पुस्तक' स्त्रीलिंगी कसं, हेच पटत नाही. हिंदी विद्यार्थ्याला नपुंसकलिंग नवं असतं. आपल्याला तिन्ही लिंगं घरचीच. शिवाय रशियनमध्ये ती बहुतेकदा शब्दाच्या शेवटावरून कळतात: दोम (घर) पुल्लिंगी, क्नीगा (पुस्तक) स्त्रीलिंगी, अक्नो (खिडकी) नपुंसकलिंगी. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, तेही आपल्यासारखंच. तो आला, ती आली, ते आलं: ओन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो. इथे मराठी विद्यार्थ्याला समजावण्यासारखं काही उरतच नाही.

विभक्तींचंही तसंच. रशियनमध्ये सहा आहेत आणि प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी अशी नावं दिली की वर्ग शांत होतो. पंचमीचं काम षष्ठीचं रूप आणि शब्दयोगी अव्यय मिळून करतात, एवढाच फरक. मस्कवा म्हणजे मॉस्को. मॉस्कोत राहतो तेव्हा 'व् मस्कव्ये', मॉस्कोला जातो तेव्हा 'व् मस्कवू', मॉस्कोहून येतो तेव्हा 'इझ मस्कवी'. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तर 'देवः देवौ देवाः' पाठ करण्याची सवय असते. ती इथे कामी येते.

वाक्याची घडणही ओळखीची वाटते. 'मला थंडी वाजतेय' यात थंडी वाजणारा माणूस चतुर्थीत आहे. रशियनमध्येही तो चतुर्थीतच येतो: 'म्न्ये होलदना'. 'मला आवडतं'चं 'म्न्ये न्राविच्चा' होतं, तेही चतुर्थीतच. मालकीसाठी 'माझ्याकडे आहे' अशीच रचना आहे. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक आहे, आणि तो चुकला तर तिकडची आजीसुद्धा आपल्या आजीसारखीच नाराज होते.

उच्चारातही मराठी मदतीला येते. 'चांगला'तला च आणि 'चहा'तला च हे दोन वेगळे ध्वनी आपण विचार न करता काढतो. रशियनमध्ये त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. 'माझा'तला झ तर जसाच्या तसा सापडतो.

मग अवघड काय आहे?

चार गोष्टी.

पहिली, आघात. शब्दातल्या कोणत्या स्वरावर जोर द्यायचा हे लिहिलेलं नसतं, आणि जोर हलला की अर्थ बदलतो. 'झामक' म्हणजे किल्ला, 'झमोक' म्हणजे कुलूप, आणि दोन्हींचं स्पेलिंग एकच. जोर नसलेला 'ओ' जवळजवळ 'अ' होतो, म्हणून लिहिलेलं 'मोलोको' (दूध) 'मलको' असं ऐकू येतं. प्रत्येक नवा शब्द वहीत आघाताच्या खुणेसकट लिहायची शिस्त पहिल्या आठवड्यापासून लावा. नंतर ती लागत नाही.

दुसरी, मृदू व्यंजनं. 'ब्रात' म्हणजे भाऊ. शेवटचा त जिभेचा मधला भाग टाळूकडे नेऊन म्हटला की 'घेणे' असं क्रियापद होतं. कानाला हा फरक कळायलाच काही महिने लागतात.

तिसरी, जाण्यायेण्याची क्रियापदं. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. एकदा एका दिशेने जाणं वेगळं, नेहमीचं जाणं-येणं वेगळं. यावर उपसर्ग लागले की आत शिरणं, बाहेर पडणं, ओलांडणं, पोहोचणं. दुसऱ्या वर्षातला मोठा भाग यातच जातो.

चौथी, संख्या. एक वर्ष 'अदीन गोत', दोन वर्षं 'द्वा गोदा', पाच वर्षं 'प्यात् ल्येत'. दोन ते चार आणि पाचपासून पुढे नामाची रूपं वेगळी. बाजारात भाव विचारतानाही व्याकरण आठवावं लागतं.

क्रियापदाच्या पूर्ण आणि अपूर्ण रूपांची धास्ती इंग्रजी पुस्तकं फार घालतात. 'चिताल' म्हणजे वाचत होता, 'प्रचिताल' म्हणजे वाचून काढलं. 'वाचून काढणं', 'खाऊन टाकणं', 'लिहून ठेवणं' अशी संयुक्त क्रियापदं आपण दिवसभर वापरतो. सगळी रूपं तंतोतंत जुळत नाहीत, पण काम संपलं की नाही हे क्रियापदातूनच सांगायची सवय आपल्याला आहे. वर्गात मी आधी दोन्ही वाक्यं मराठीत बोलायला लावते, मग रशियनकडे वळते.

लिपी शिकायला किती वेळ लागतो?

छापील लिपीला आठवडा-दोन आठवडे पुरतात. अक्षरं ३३. त्यांतली काही रोमन दिसतात आणि फसवतात: 'पी'सारखं दिसतं ते र, 'सी'सारखं ते स, 'एच'सारखं ते न. हा गोंधळ लवकर संपतो.

हाताने लिहिण्याची लिपी मात्र वेगळीच असते आणि विद्यापीठात तीच वापरतात. त्यात 'त' रोमन एमसारखा दिसतो, 'द' जीसारखा. 'लिशीश्' असा एक शब्द आहे, तो हाताने लिहिला की कागदावर नुसत्या एकसारख्या वळणांची रांग दिसते. रेघी वही घ्या आणि पहिल्या सत्रात रोज एक पान गिरवा. फळ्यावरचं वाचता आलं नाही तर पुढच्या वर्गांत बसून उपयोग नाही.

आधी रशियन अजिबात शिकलेलं नाही. पदवीला प्रवेश मिळेल?

मिळतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात रशियनची बी. ए. ऑनर्स पदवी शून्यापासून सुरू होते. प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर असतो. तिथल्या रशियन अभ्यास केंद्राचं मूळ १९६५ साली दिल्लीत सुरू झालेल्या रशियन अभ्यास संस्थेत आहे. ती संस्था पुढे जेएनयूत विलीन झाली. पूर्ण वेळ रशियन करायचं असेल तर देशात माझी पहिली शिफारस तीच. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठातही रशियनची पदवी आहे.

महाराष्ट्रात पुण्याला फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग कालिन्यात आहे. दोन्हीकडे अर्धवेळ वर्ग चालतात. नोकरी किंवा दुसरी पदवी सांभाळून शिकणाऱ्यांची तिथे गर्दी असते. मुंबईत पेडर रोडवरच्या रशियन हाउसमध्येही, म्हणजे रशियन सरकारच्या सांस्कृतिक केंद्रात, भाषावर्ग होतात. शुल्क आणि जागा दरवर्षी बदलतात, त्यामुळे ते त्या त्या विभागात जाऊनच विचारा. ओळखीच्याने सांगितलेल्या मागच्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका.

प्रमाणपत्र आणि पदविका केली तर पदवीची गरज काय?

तुम्हाला कशासाठी हवंय त्यावर आहे. अभियंता, औषधनिर्माता, पर्यटन व्यावसायिक यांना आपल्या विषयापुरती भाषा हवी असेल तर पदविकेपर्यंतचे अर्धवेळ अभ्यासक्रम चांगले. स्वस्त पडतात आणि मूळ करिअर सुटत नाही. दुभाषी, अनुवादक, प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं असेल तर ते पुरत नाही. आठवड्याला चार-सहा तासांत व्याकरण होतं, पण कान तयार होत नाही आणि वाचन साचत नाही. पदवीत रोज रशियन असतं. ध्वनिशास्त्र, इतिहास, साहित्य, अनुवाद हे वेगळे पेपर असतात. भाषेची जाण त्यातून येते.

'संस्कृती' या विषयात नेमकं काय शिकवतात?

याला रशियन विद्यापीठांत 'स्त्रानोव्येदेनिये' म्हणतात, म्हणजे त्या देशाची ओळख. सन ९८८ मध्ये कीएव्हच्या राजाने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, १७०३ साली झार पीटरने वसवलेलं सेंट पीटर्सबर्ग, १८६१ मध्ये भूदासांची (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची) मुक्तता, १९१७ची क्रांती, १९४१ ते ४५चं युद्ध, १९९१चं सोव्हिएत संघाचं विघटन. एवढा सांगाडा पाठ असल्याशिवाय साधी वर्तमानपत्रातली बातमीही नीट कळत नाही. लिपीलाही इतिहास आहे. पीटरने अक्षरांचं वळण बदललं आणि पुढे क्रांतीनंतर, १९१८ साली, काही अक्षरं काढूनच टाकण्यात आली. जुनी छापील पुस्तकं हातात आली की हे लागतं.

मला खटकतं ते एक. अनेक ठिकाणी संस्कृतीचा तास मात्र्योश्का बाहुल्या, समोवार आणि लोकनृत्यावर संपतो. रशिया म्हणजे फक्त रशियन वंशाचे लोकही नव्हेत. तिथे शंभराहून अधिक समाज राहतात. कझानमध्ये तातार भाषेला अधिकृत दर्जा आहे, काल्मीकिया हा बौद्ध परंपरेचा प्रदेश आहे. हे अभ्यासक्रमात नसेल तर स्वतः वाचा.

आपल्याशी जुळणारे धागेही वर्गात यायला हवेत. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि परत हवा असेल तर धर्म बदल म्हणून दडपण आणलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अण्णाभाऊ साठे १९६१ साली सोव्हिएत संघात गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. पवईची आयआयटी १९५८ साली उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. उलट दिशेनेही काम झालंय. तात्याना कातेनिना यांनी १९६३ साली रशियन वाचकांसाठी मराठी व्याकरणाची रूपरेषा लिहिली आणि इरिना ग्लुश्कोवा यांनी पंढरपूरच्या वारीचा अभ्यास केला. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी इथे बघावं. मराठी आणि रशियन दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत आणि काम भरपूर पडलंय.

साहित्य मुळातून कधी वाचता येईल?

चेखवच्या छोट्या कथा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, शब्दकोश शेजारी ठेवून. पुश्किनची कविता त्याआधीही पाठ करायला लावतात, कारण वृत्तातून आघात पक्का बसतो. जाडजूड कादंबऱ्यांची घाई करू नका. गोगोल वाचायला घ्याल तेव्हा त्याच्या नाटकावरून पु. लं.नी केलेलं 'अंमलदार' शेजारी ठेवा. सरकारी अधिकारी समजून एका भलत्याच माणसापुढे वाकणारं गाव रशियातून महाराष्ट्रात आणताना कोणती हुद्द्याची नावं बदलली, बोलण्याचा कोणता ढंग आणला, हे ओळीओळीने पाहिलं तर अनुवादाचा अख्खा पेपर त्यातून शिकता येतो.

युद्ध चालू झाल्यापासून ही भाषा शिकावी की नाही, असा प्रश्न पडतो.

पडायलाच हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि त्यानंतर या विषयाकडे पूर्वीसारखं भाबडेपणाने पाहता येत नाही. माझं मत असं की भाषा एका सरकारची मालमत्ता नसते. ही भाषा कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि बेलारूसमध्ये बोलली जाते, युक्रेनमध्येही लाखो लोकांच्या घरी ती बोलली गेली आहे, आणि सरकारविरुद्ध लिहून तुरुंगात किंवा हद्दपारीत गेलेल्यांनी तीच वापरली. उलट, भाषा येत असेल तर अधिकृत बातमीत काय सांगितलं आणि काय गाळलं हे तुम्हाला स्वतः तपासता येतं. मात्र युद्धाबद्दल वर्गात बोलायचंच नाही, असं शिकवणं मला मान्य नाही. आणि रशियात असाल तेव्हा जपून राहा. सैन्याबद्दल जाहीर टीका करणाऱ्यांना शिक्षा करणारे कायदे तिथे मार्च २०२२ पासून लागू आहेत.

रशियात जाऊन शिकायचं असेल तर मार्ग कोणता?

बहुतेकांचा मार्ग 'पोदफाक'मधून जातो. हे पदवीपूर्वीचं तयारीचं वर्ष. सप्टेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत रोज रशियन आणि सोबत तुमच्या शाखेचे विषय रशियनमधून. ते पार झालं की चार वर्षांची पदवी, पुढे दोन वर्षांची मास्टर्स. मॉस्कोत पुश्किन रशियन भाषा संस्था ही १९६६ साली खास परदेशी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून उभारलेली. १९६० साली स्थापन झालेल्या पॅट्रिस लुमुम्बा लोकमैत्री विद्यापीठात आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. सेंट पीटर्सबर्गचं विद्यापीठ १७२४चं, मॉस्कोचं १७५५चं, कझानचं १८०४चं.

मोठं नाव बघून मॉस्कोच धरू नका. कझान, तोम्स्क, वरोनेझ अशा शहरांत राहण्याचा खर्च कमी असतो आणि इंग्रजी बोलणारे कमी भेटतात, म्हणून भाषा लवकर येते. सध्या तिथली पदव्यांची रचना बदलते आहे, त्यामुळे तुमच्या पदवीचं नाव आणि कालावधी प्रवेशाआधी लेखी घ्या.

शिष्यवृत्ती मिळते का?

रशियन सरकार दरवर्षी भारतासह अनेक देशांना काही जागा देतं. त्यांत शिक्षण शुल्क माफ असतं, थोडा विद्यावेतनाचा भाग मिळतो आणि वसतिगृहात जागा मिळते. विमानभाडं, विमा, जेवणखाण आपलं. विद्यावेतनावर महिना निघत नाही, हे घरी आधीच सांगा. अर्ज 'एज्युकेशन इन रशिया' या सरकारी पोर्टलवर होतो आणि भारतातली पहिली निवड रशियन हाउसमार्फत होते. पुढच्या सप्टेंबरला जायचं तर आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून तयारी धरा. फक्त रशियन भाषेसाठी अर्ज करणाऱ्याने आपण हाच विषय का घेतोय याचं पत्र नेटकं लिहावं. नेटवरून उचललेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

भाषेची कोणती परीक्षा द्यावी लागते?

'टीआरकेआय' ही परदेशी लोकांसाठीची रशियाची सरकारी परीक्षा. सहा पायऱ्या आहेत: प्राथमिक, मूलभूत, आणि मग पहिली ते चौथी. रशियन माध्यमातून पदवी घ्यायला पहिली पायरी लागते. तिच्यासाठी सुमारे २३०० शब्दांचा साठा धरतात. प्राथमिकला ७८० आणि मूलभूतला १३०० पुरतात. पाच भाग असतात: व्याकरण, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. उत्तीर्ण व्हायला साधारण ६६ टक्के लागतात. आपली मुलं व्याकरणात चमकतात आणि श्रवणात अडकतात, म्हणून रोज अर्धा तास रशियन आकाशवाणी किंवा पॉडकास्ट ऐकाच.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त कुठे अडतं?

नावात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेला शिक्का), मग नोटरीकडून रशियन भाषांतर, हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो. पण भाषांतर करणारा 'कुलकर्णी' एका कागदावर साध्या लने लिहितो आणि दुसऱ्यावर मृदुचिन्ह (आधीचं व्यंजन मृदू करणारं अक्षर) लावलेल्या लने. रशियन कार्यालयाच्या दृष्टीने ही दोन माणसं झाली. व्हिसा, भाषांतर, विमा, विद्यापीठाचा आदेश या चारही ठिकाणी एकच रूप हवं. व्हिसावरचं रशियन नाव आधी वाचा (लिपी येतेच आहे) आणि बाकी सगळं त्याबरहुकूम करून घ्या.

वडिलांच्या नावाचाही घोळ होतो. आपल्या पासपोर्टवर 'नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. रशियनांमध्येही मधलं नाव वडिलांवरून येतं, म्हणून कुणी कारकून ते वेगळं काढून पितृनामाच्या रकान्यात टाकतो आणि कुणी टाकत नाही. पहिल्याच दिवशी एक पद्धत ठरवून घ्या. जाता जाता: तिकडे प्राध्यापकांना सर-मॅडम म्हणत नाहीत. नाव आणि पितृनाम मिळून हाक मारायची, आन्ना इव्हानोव्ना अशी. ते पाठ करून जा.

एचआयव्ही चाचणीचा दाखला व्हिसाला लागतो. पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी, बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी ठरलेल्या मुदतीत करावी लागते. विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी कार्यालय हे करून देतं, पण मुदत लक्षात ठेवणं तुमचं काम.

परीक्षा कशा असतात?

बऱ्याच तोंडी. इथून गेलेल्या विद्यार्थ्याला हा मोठा धक्का असतो. खोलीत टेबलावर चिठ्ठ्या उलट्या मांडलेल्या असतात. त्यांना 'बिल्येत' म्हणतात. तुम्ही एक उचलायची, क्रमांक मोठ्याने सांगायचा. चिठ्ठीवर दोन किंवा तीन प्रश्न. मागच्या बाकावर बसून कोऱ्या कागदावर मुद्दे काढायला थोडा वेळ मिळतो. मग प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. ते मध्येच थांबवतात, चिठ्ठीत नसलेलंही विचारतात. पाच म्हणजे उत्तम, चार चांगलं, तीन काठावर, दोन म्हणजे नापास. गुण तिथल्या तिथे सांगतात आणि परंपरेने 'झाच्योत्का' नावाच्या छोट्या वहीत सहीनिशी लिहितात. जानेवारी आणि जून हे परीक्षांचे महिने. पाठांतरावर निभावत नाही, पण एक फायदा आहे: जो बोलू शकतो त्याला एखादी तारीख विसरली तरी सावरून घेता येतं.

शाकाहारी मुलीला किंवा मुलाला निभावता येईल? थंडीचं काय?

निभावतं, स्वयंपाक येत असेल तर. वसतिगृहात मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असतं. ग्रेच्का म्हणजे भाजलेला कुट्टू, तो भातासारखा शिजतो आणि फोडणी छान घेतो. त्वारोग पनीर आणि चक्का यांच्या मधलं काहीतरी, केफीर ताकाच्या जवळचं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात उपाहारगृहांत 'पोस्त्नये' पदार्थ मिळतात, त्यांत मांस, दूध, अंडी नसतात. मासे असू शकतात, म्हणून विचारून घ्या. हिंग, गोडा मसाला आणि छोटा कुकर घेऊन जा.

मॉस्कोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे सहा-सात असतं, सैबेरियात बरंच खाली. इमारती आतून उबदार असतात. जड कोट आणि बूट इथून घेऊ नका, तिथेच घ्या.

पैशाचं नियोजन मात्र नीट करा. मार्च २०२२ पासून भारतातली व्हिसा-मास्टरकार्डं रशियात चालत नाहीत. सुरुवातीची रोकड जवळ ठेवायची आणि तिथल्या बँकेत खातं उघडून 'मीर' हे रशियाचं स्वतःचं कार्ड घ्यायचं. फेसबुक, इन्स्टाग्राम बंद आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑगस्ट २०२५ पासून निर्बंध आले आहेत. आईशी रोज बोलायचं असेल तर निघण्याआधी दुसरी सोय करून ठेवा.

एजंटमार्फत जावं का?

भाषेच्या प्रवेशासाठी एजंटची गरज नाही. अर्ज थेट होतात. आणि इथे मी अगदी स्पष्ट सांगते: नोकरी, शिक्षण किंवा पर्यटनाच्या नावाखाली नेलेले काही भारतीय तरुण रशियन सैन्यात अडकले, त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला, आणि परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. शिकता शिकता 'मदतनिसाचं' काम, भरपूर पगार, लवकर नागरिकत्व अशी ऑफर आली तर तिथेच थांबा. वाचता न येणाऱ्या रशियन कागदावर सही करू नका, कुणीही सांगितलं तरी. पासपोर्ट नोंदणीपुरता कार्यालयात देतात, तो कुठल्याही दलालाकडे ठेवायला देऊ नका. पोहोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा.

भाषा शिकून नोकरी कुठे मिळते?

एकट्या रशियनवर थोड्या, रशियन आणि दुसऱ्या कौशल्यावर बऱ्याच. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आधी मिग आणि नंतर सुखोई-३० विमानांवर उभा राहिला. अशा यंत्रांची मूळ कागदपत्रं रशियन असतात. कुडनकुलमचा अणुप्रकल्प रशियन सहकार्याचा. गगनयानसाठी निवडलेल्या अंतराळवीरांचं प्रशिक्षण मॉस्कोजवळच्या गागारीन केंद्रात झालं, आणि तिथे रशियन लागतंच. औषध कंपन्यांना नोंदणीच्या कागदपत्रांचे अनुवाद लागतात आणि चुकलेल्या अनुवादाची किंमत मोठी असते, म्हणून औषधनिर्माणशास्त्र आणि रशियन दोन्ही येणाऱ्याला विचारणा असते. संरक्षण आणि परराष्ट्र खात्यांत दुभाष्यांची पदं निघतात, पण ती मोजकी.

गोव्यात हिवाळ्यात मोरजी, हरमल भागात रशियन पर्यटकांची वर्दळ असते. हॉटेल, सहली, दवाखाने इथे बोलता येणारी माणसं हवी असतात. काम हंगामी आहे, पण बोलण्याचा सराव करायला याहून चांगली जागा देशात नाही. मी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाची नाताळची सुट्टी तिथे काम करून घालवायला सांगते.

मोबाइलवर भाषांतर होतं. मग शिकायचं कशाला?

हॉटेलात जेवण मागवायला शिकू नका, त्याला मोबाइल पुरतो. पण यंत्राला करारातला पूर्ण-अपूर्ण क्रियापदाचा फरक दर वेळी साधत नाही, आणि काम 'करत राहू' की 'करून देऊ' यावरच पैसे अडतात. कच्चा अनुवाद यंत्राकडून आणि तपासणी माणसाकडून, असं काम आता वाढतंय. तपासणाऱ्याला भाषा अनुवाद करणाऱ्यापेक्षा जास्त यावी लागते.

वय ३५-४० असेल तर?

अर्धवेळ वर्गांना या. मोठ्या वयात उच्चाराला वेळ लागतो, व्याकरण लवकर कळतं. चिकाटीच्या बाबतीत हे विद्यार्थी अनेकदा पुढे असतात.

प्रवेशाला अजून काही महिने आहेत. आत्ता काय करू?

लिपी छापील आणि हाताची, दोन्ही. पुश्किन संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत अभ्यासक्रम आहे, त्याचा पहिला टप्पा सुरू करा. शब्दाचा आघात तपासायला 'ग्रामोता' हे रशियन संकेतस्थळ वापरा. आणि आपलं शाळेतलं मराठी व्याकरणाचं पुस्तक माळ्यावरून काढून विभक्तीचा धडा पुन्हा वाचा. माझ्या पहिल्या तासाला मी तोच विचारते.